अर्धेच शब्द कळतात, तरी लिहावे का?

वाचकाचे पत्र: "मी निपाणीत एका मराठी शाळेत शिकवते. वय ४६. पुण्यात शिकणारा भाचा मला रॉक, लोकसंगीत आणि रॅपचे अल्बम पाठवतो. गेल्या पाच महिन्यांत रात्रीची कामे आटोपल्यावर असे आठ अल्बम मी ऐकले आणि जे वाटले ते वहीत लिहीत गेले. आता आमच्या वाचक मंडळाने हस्तलिखित दिवाळी अंकासाठी त्यावर लेख मागितला आहे. माझे थोरले बंधू शास्त्रीय गायन शिकलेले आहेत. सुरातालाचे ज्ञान नसताना संगीतावर लिहिणे हा आगाऊपणा आहे, असे ते म्हणतात. मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य विचारतात की, इथे मराठी टिकवण्याची धडपड चालू असताना परक्या गाण्यांचे कौतुक कशाला? रॅपमधले तर मला अर्धेच शब्द कळतात आणि त्यात शिव्याही आहेत. मी लिहावे का, आणि लिहिले तर कसे? वहीची काही पाने आणि लेखाचा पक्का खर्डा सोबत जोडला आहे. ता. क.: कन्नड गायक रघु दीक्षितांचे 'सोरुतिहुदु मनिय माळिगी' फोनवर लागले होते तेव्हा आई तांदूळ निवडायची थांबली आणि म्हणाली, हे आम्ही वखारीत म्हणायचो. ती बरीच वर्षे तंबाखूच्या वखारीत कामाला होती. – एक शिक्षिका, निपाणी"

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र, वहीची पाने आणि पक्का खर्डा हे सगळे मी दोनदा वाचले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो: लिहा, अवश्य लिहा. मात्र लिहिताना पक्का खर्डा बाजूला ठेवा आणि वही उघडा.

असे का म्हणतो, ते तुमच्याच दोन वाक्यांवरून दाखवतो. निक ड्रेक या इंग्लिश गायकाच्या 'पिंक मून' या अल्बमबद्दल वहीत तुम्ही लिहिले आहे: "हा मुलगा आपल्याला ऐकवण्यासाठी गात नाही, शेजारच्या खोलीत कोणी झोपले आहे आणि त्याला जाग येऊ नये, असा गातो आहे." पक्क्या खर्ड्यात याच जागी "निक ड्रेक यांचा आवाज अत्यंत मुलायम असून तो रसिकांच्या हृदयाला भिडतो" असे वाक्य आले आहे. हे दुसरे वाक्य उद्या तुम्ही एखाद्या भावगीत गायकाबद्दल लिहिले तरी त्यातले एक अक्षर बदलावे लागणार नाही. वहीतले वाक्य मात्र त्या एका अल्बमखेरीज दुसऱ्या कशालाही लागू पडत नाही. आता हे पाहा, की १९७२ साली आलेला हा अल्बम आदल्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका स्टुडिओत केवळ दोन रात्रींत, रात्री उशिरा ध्वनिमुद्रित झाला. त्या वेळी तिथे ड्रेक आणि ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ यांच्याखेरीज जवळजवळ कोणी नव्हते. अकरा गाणी आणि सुमारे २८ मिनिटे एवढ्यात अल्बम संपतो, आणि एक आवाज, एक गिटार व शीर्षकगीतात थोडासा पियानो याशिवाय त्यात काहीही नाही. ड्रेक १९७४ साली वयाच्या २६ व्या वर्षी गेले आणि त्यांच्या हयातीत हा अल्बम फारसा कोणी विकत घेतला नाही. यातले काहीही ठाऊक नसताना तुमच्या कानाने रात्र ओळखली आणि खोलीतले एकटेपणही ओळखले. ही माहिती लेखात जरूर द्या, पण तुमच्या वाक्याच्या नंतर द्या. आधी माहिती आली, तर वाचणाऱ्याला वाटेल की ती वाचून तुम्हाला तसे वाटले.

तुमच्या बंधूंच्या म्हणण्याचा मी अनादर करणार नाही. त्यांनी वर्षानुवर्षे जे कमावले आहे, ते पाच महिन्यांच्या ऐकण्याने येत नाही, आणि येते असा आव तुमच्या लेखात कुठेही दिसता कामा नये. खर्ड्यात एके ठिकाणी तुम्ही 'हार्मनी' हा शब्द ज्या अर्थाने वापरला आहे, तो तसा वापरता येत नाही. तो काढून टाका. परंतु गाण्याची घडण उलगडून सांगणे हे एक काम आहे आणि ऐकताना आपले काय झाले ते नेमके सांगणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी परवाना लागत नाही, खरेपणा लागतो. बंधूंना मी नम्रपणे एवढेच आठवून देईन की, बेळगावजवळच्या आपल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून देवासला राहिले, तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकत होते. त्या लोकधुनांतून त्यांना पुढे नवे राग सापडले. त्या बायकांना रागाचे नाव ठाऊक नव्हते, आणि कुमारजींनी त्यांना ते विचारलेही नाही.

बंधूंना या लेखात वाटेकरी करून घ्या, असे मी सुचवेन. 'पिंक मून' त्यांना ऐकवा आणि गिटारीच्या तारांबद्दल त्यांचे मत विचारा. ड्रेक गिटार नेहमीच्या पद्धतीने न लावता निरनिराळ्या प्रकारे लावून घेत, त्यामुळे मोकळ्या तारा गाण्याच्या खाली सतत वाजत राहतात. ज्यांनी जन्मभर तंबोरा लावला आहे, त्यांना त्यात जे ऐकू येईल ते तुम्हाला किंवा मला येणार नाही. ते काय म्हणाले, ते त्यांच्या नावाने लेखात घाला.

आता अर्ध्या शब्दांचा प्रश्न. तुम्हाला सर्वांत मोठी अडचण हीच वाटते आहे, आणि माझ्या मते सीमाभागात वाढलेल्या माणसाला तिची भीती वाटण्याचे कारण नाही. माझे बालपण बेळगावच्या वडगावात गेले. आमच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता, आणि पलीकडे राहणारे विणकर कुटुंब कन्नड बोलणारे होते. सोमवारी त्यांच्याकडे भजन असे. वयाच्या आठव्या वर्षी मला त्यातली चार-पाच पदे चालीसकट पाठ होती, आणि त्यांतल्या एकाचाही अर्थ मला सांगता आला नसता. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरचे जोगती दारात आले की चौंडक्याच्या तारेचा तो ताणला जाणारा, मध्येच वर सरकणारा आवाज ऐकून आम्ही पोरे धावत बाहेर जात असू. गाणे मराठीत आहे की कन्नडमध्ये, हे आईला नंतर विचारावे लागे, आणि पुष्कळदा एकाच गाण्यात दोन्ही असत. अर्थ मागाहून येतो आणि आधी कान पुढे जातो, ही सवय इथल्या हवेतच आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जी मुद्दाम लावून घ्यावी लागेल, ती तुमच्याकडे जन्मतः आहे.

पण कानावर भिस्त ठेवून थांबू नका. याबाबतीत मी एकदा चुकलो होतो, ते सांगतो. इंडियन ओशन या दिल्लीच्या चमूचा 'कंडिसा' हा अल्बम २००० साली आला, तेव्हा मी तो भारावून ऐकला आणि एका साप्ताहिकात त्यावर लिहिले. त्यात शीर्षकगीताचे बोल 'दक्षिणेकडील एखाद्या जुन्या बोलीतले असावेत' असे ठोकून दिले. पंधरा दिवसांनी मला एक पोस्टकार्ड आले. इथल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या केरळच्या परिचारिकेने वॉर्डातल्या मराठी सहकारी बाईंकडून ते लिहवून घेतले होते. ते बोल सिरियाक भाषेतले आहेत, 'पवित्र' या शब्दाने सुरू होणारी ती ख्रिस्ती प्रार्थना आहे, आणि केरळच्या सिरियन ख्रिस्ती मंडळींत ती पिढ्यान्‌पिढ्या गायिली जाते, असे तिने कळवले होते. खाली एक ओळ होती: 'माझी आजी हे म्हणत असे.' ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यानंतर मी ते गाणे पुन्हा ऐकले, तेव्हा ज्याला मी निव्वळ स्वरांचा विस्तार समजलो होतो, ती वाट पाहत केलेली विनवणी आहे हे कळले आणि गाणे दुप्पट मोठे झाले. म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्यांदा शब्दांवाचून ऐका आणि जे वाटले ते तारीख घालून लिहा. मग शब्द मिळवा, अर्थ विचारा, पुन्हा ऐका, आणि मत बदलले तर पहिले खोडू नका. दोन्ही मते लेखात येऊ द्या. वाचणाऱ्याला तुमच्या मताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते कसे बदलले याचे कुतूहल असते.

'कंडिसा'बद्दल तुमच्या वहीत एकच ओळ आहे: "छान फ्युजन आहे." या ओळीवर तुम्ही थांबलात, याचे मला वाईट वाटले. त्याच अल्बममधले 'मा रेवा' पुन्हा लावा. रेवा म्हणजे नर्मदा, आणि ते तिच्या काठचे लोकगीत आहे. या चमूतले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात. २००९ साली ते गेले, पण त्यांचा तो आवाज आणि हाताखालचा ठेका एकाच छातीतून निघाल्यासारखा वाटतो. तबला आणि ड्रम एकाच वेळी चालू असताना तुमचा पाय कोणाच्या मागे जातो, एवढेच पाहा आणि लिहा.

रघु दीक्षितांच्या २००८ सालच्या पहिल्या अल्बमबद्दल तुम्ही सगळ्यांत जास्त लिहिले आहे आणि ते साहजिक आहे. 'सोरुतिहुदु' हे पद ज्यांचे, ते शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) आपल्या उत्तर कर्नाटकाचेच संतकवी. मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसाचे गुरू गोविंद भट्ट हे ब्राह्मण होते. शरीफांच्या तत्त्वपदांची कन्नड पुस्तकी नसून आपण बाजारात रोज ऐकतो तीच आहे. म्हणून तर 'माळिगे' न म्हणता 'माळिगी' येते, आणि ते ऐकताच निपाणीच्या माणसाचा कान टवकारतो. अज्ञानामुळे घराचे माळवद गळते आहे, एवढा त्या पदाच्या सुरुवातीचा साधा अर्थ. मातीचे माळवद पावसाळ्यात कसे गळते आणि घरातली माणसे कुठे कुठे पातेली ठेवत फिरतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रूपक समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या वहीत "गिटार आणि व्हायोलिन आल्यावर पदाचे पावित्र्य थोडे कमी झाले का?" असा प्रश्न आहे. तो लेखात ठेवा. माझे मत वेगळे आहे. पदे एकतारीबरोबर जशी म्हणतात तशीच मुद्रित झाली असती, तर तुमच्या भाच्यापर्यंत ती पोहोचलीच नसती. पण माझे मत मानण्याचे तुम्हाला काही कारण नाही. त्याच अल्बममध्ये शरीफांचे गुडगुडीवरचेही पद आहे. हुक्क्याच्या रूपकातून अध्यात्म सांगणारे पद तंबाखूच्या गावात बसून ऐकणारी तुमच्यासारखी श्रोती विरळाच, आणि त्यावर वहीत एकही शब्द नाही!

रॅपकडे वळतो. न्यूयॉर्कचे रॅपर नाझ यांचा 'इल्मॅटिक' हा १९९४ सालचा अल्बम ऐकून तुम्ही वहीत "फार भराभर, धाप लागते" एवढे लिहून सोडून दिले आहे. तो पुन्हा हाती घ्या. अल्बमच्या पहिल्याच तुकड्यात आगगाडीचा खडखडाट ऐकू येतो आणि पुढची सुमारे ४० मिनिटे आपण न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतून बाहेर पडत नाही. अल्बम निघाला तेव्हा नाझ २० वर्षांचे होते. तुम्ही मराठी शिकवता, तेव्हा एक गोष्ट तुम्हाला माझ्याआधी कळायला हवी. या गाण्यांत यमक ओळीच्या शेवटी येऊन थांबत नाही. ते ओळीच्या पोटात दोनदा-तीनदा येते आणि पुढच्या ओळीच्या मध्यावर पुन्हा डोके वर काढते. मोरोपंतांच्या आर्या वर्गात म्हणून दाखवताना यमकावर आवाज कसा आपोआप दाबला जातो, ते आठवा आणि तोच कान इथे लावा. अर्थ न कळताही नुसती यमके मोजता येतील. मग छापील शब्द समोर घेऊन एकच गाणे, 'वन लव्ह', सावकाश वाचा.

हे गाणे मी मुद्दाम निवडले, कारण ते पत्राच्या रूपात आहे. तुरुंगात असलेल्या मित्राला बाहेरचा मित्र लिहितो: मुलगा झाला, अभिनंदन; तो तुझ्यासारखा दिसतो असे ऐकले; तुझी बायको तुला पत्र का पाठवत नाही? मग मोहल्ल्यातल्या बातम्या येतात, कोण कोणाबरोबर फिरतो, कोणाला गोळी लागली. शेवटच्या कडव्यात पत्र बाजूला राहते आणि बाकावर बसलेला एक बारा वर्षांचा मुलगा समोर येतो. त्याचे हसणे आणि बोलणे अशा थराला गेलेले असते, की पत्र लिहिणाऱ्याला त्याला चार शब्द सांगावेसे वाटतात. परदेशी गेलेल्या, लष्करात असलेल्या, मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाला घरून जाणारी पत्रे आपण वाचली आहेत आणि लिहून दिली आहेत. खुशालीचा मजकूर आणि मध्येच अंगावर येणारी एखादी बातमी, हा घाट आपल्या पूर्ण ओळखीचा आहे. शाळेत मुलांकडून पत्रलेखन करून घेणारी शिक्षिका या गाण्याबद्दल जे लिहील, ते वाचण्याची मला खरोखर उत्सुकता आहे.

धाप लागते म्हणालात, तर धापेकडेच लक्ष द्या. पोवाड्यात शाहीर कडव्याच्या टोकाला येतो तेव्हा झीलकरी 'जी जी रं जी' उचलून धरतात, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. रॅपमध्ये ओळीच्या शेवटच्या शब्दावर पुष्कळदा दुसरा आवाज येऊन मिळतो, कधी जोडीदाराचा तर कधी त्याच गायकाचा दुसऱ्यांदा मुद्रित केलेला. तिथे गाणाऱ्याला दम मिळतो. ही जागा एकदा कानाला सापडली की ऐकणाऱ्याची धाप कमी होते. मराठीतही हे ऐकायचे असेल, तर मुंबईच्या 'स्वदेशी' या चमूतले एमसी मवाली आणि अमरावतीचे १०० आरबीएच या रॅपरांना ऐका. आरेच्या जंगलावरचे, वारली माणसांची बाजू मांडणारे त्यांचे गाणे तुमच्या वर्गातल्या मुलांनाही कळेल.

शिव्यांचे काय करावे? हस्तलिखितात त्या उतरवू नका, पण त्या नाहीत असेही भासवू नका. 'गाण्यात शिव्या आहेत' असे स्पष्ट लिहा, आणि ती शिवी कोण कोणाला देतो आहे, हे विचारा. शिमग्याच्या बोंबा ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना शिवीचे निरनिराळे वजन कळते. जिथे बाईला तुच्छ लेखणारी भाषा तुम्हाला खुपली असेल, तिथे ती खुपली असे लिहा. अल्बम जगभर नावाजलेला आहे म्हणून गप्प बसू नका.

राहिला तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप. त्यांची कळकळ मला समजते. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या १ नोव्हेंबरच्या फेरीत काळी फीत लावून मीही अनेक वर्षे चाललो आहे आणि मराठी फलक, मराठी परिपत्रके यांसाठी दिलेल्या निवेदनांवर माझ्याही सह्या आहेत. त्यांना एवढेच सांगा की, अण्णाभाऊ साठ्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत आपल्या बेळगावचे आणि कारवारचे नाव आहे, आणि त्याच अण्णाभाऊंनी रशिया पाहण्याच्या कितीतरी आधी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता. वाटेगावच्या शाहिराला व्होल्गेकाठचे शहर परके वाटले नाही, आणि म्हणून त्याचे बेळगाव उणे झाले नाही. तुम्ही क्वीन्सब्रिजबद्दल लिहाल ते मराठीतच लिहाल. त्यासाठी ठेका, घुमारा, खर्ज, धृपद, यमक, दम असे आपले शब्द जितके वापरता येतील तितके वापरा, आणि अडले तिथे गिटार, ड्रम, बीट खुशाल येऊ द्या. हे लिहून होईपर्यंत त्या शब्दांना जे नवे काम मिळेल, ते निवेदनांनी त्यांना मिळत नाही.

आठही अल्बमवर लिहू नका. 'पिंक मून', 'इल्मॅटिक' आणि रघु दीक्षित, हे तीन पुरेत. 'कंडिसा' पुन्हा ऐकून वाटले तर चौथा. तिनारिवेन या सहारातल्या तुआरेग चमूबद्दल आणि अमेरिकन रॅपर केंड्रिक लामार यांच्याबद्दल वहीत अजून फक्त नावे आणि तारखा आहेत, तेव्हा त्यांना पुढच्या वर्षासाठी ठेवा. प्रत्येक अल्बम क्रमाने, गाणी न गाळता, निदान एकदा सलग ऐका. तारे आणि गुण देऊ नका. ते काम शाळेत पुरेसे करावे लागते.

आणि तुमचा ताजा कलम. इतकी पाने लिहून तुम्ही तो पत्राच्या शेवटी दोन ओळींत टाकला आहे, पण लेखाची सुरुवात तिथून करा. आईंना शांतपणे विचारा की वखारीत ते पद कोण सुरू करत असे, कन्नड बायका की मराठी, तंबाखू निवडताना ते कोणत्या लयीत चाले, आणि मुकादम जवळ आला की आवाज खाली जात असे का. त्यांना जमले तर चार ओळी म्हणायला सांगा आणि फोनवर मुद्रित करून घ्या. मग दीक्षितांचे गाणे लावा आणि आईंची चाल नेमकी कुठल्या शब्दावर वेगळे वळण घेते, ते बंधूंना ऐकायला बसवून लिहून काढा. त्यात दिवाळी अंकाची मुदत टळली, तर मंडळाला माझे नाव सांगून आठ दिवस मागून घ्या.